माझे यजमान काकींकडेच का गेले?

मी अंगणवाडी सेविका आहे. पोराला ताप आला की आधी भगताकडे नेणाऱ्या आयांशी मी आजवर किती भांडले असेन, त्याची गणती नाही. भूत, आत्मा, अंगात येणं... असलं कुणी बोलायला लागलं की मी सरळ उठून जाते. म्हणूनच हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. शेवटी मोठी मुलगी म्हणाली, "आई, लिहून तरी टाक," म्हणून लिहितेय. मी लेखिका नाही, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

आमचं गाव शहापूर तालुक्यात. किन्हवलीहून मुरबाडकडे निघालं की डांबरी रस्ता सोडून आत दोन-अडीच किलोमीटर. पंधरा-वीस घरांचा पाडा, मागे टेकडी, पुढे भाताची शेतं. गोष्ट १९९६ ची. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, कापणी चालू होती.

माझे यजमान दत्ताराम. त्यांना जन्म देतानाच त्यांची आई गेली. त्याच महिन्यात त्यांच्या काकीला मुलगा झाला होता, शिवराम. काकींनी एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक असं दोघांना अंगावर पाजलं. दोघे एका ताटात जेवले, एकाच इयत्तेत दोनदा नापास झाले, आटगावच्या वीटभट्टीवर एकत्र कामाला गेले. मी लग्न होऊन आले तेव्हा मला कितीतरी दिवस कळेना, की हे सख्खे भाऊ नाहीत.

मग दोघांचे वडील गेले, शेताची वाटणी झाली. मधल्या बांधावर बांबूचं एक बेट होतं, ते कुणाच्याच कागदात धड आलं नाही. झालं... त्या बेटावरून दोघांचं बोलणं बंद झालं. दोन वर्षं. तरी दिवाळीला हे काकींसाठी फराळाचा डबा घेऊन जायचे आणि शिवराम घरी नसेल अशी वेळ बघून जायचे.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही दोघं शेतात होतो. मुली शाळेत. शिवराम एकटाच बेटातले बांबू तोडत होता, भारा बांधायचा दोर कमरेला गुंडाळलेला. गोठ्याला हवे होते म्हणे. यांनी पाहिलं आणि हातातला विळा माझ्याजवळ ठेवून गेले. विळा ठेवून गेले, हे मी मुद्दाम लिहितेय. भांडायला गेलेच नव्हते ते.

"शिवा, इचारायचं तरी होतंस."

"तुला कशाला इचारू? माझ्या बापानं लावलंय बेट."

"तुझ्या बापानं एकट्यानं नाय लावलं."

मी तीस-चाळीस पावलांवर भारे बांधत होते. आवाज चढले तशी मी उठले. हे बांबू ओढायला गेले, त्याने ढकललं, यांनीही ढकललं. आणि शिवरामच्या हातात तोडलेला ओला बांबू होता, तो त्याने फिरवला. एकदाच. डाव्या कानामागे लागला.

हे पडले नाहीत. दमल्यासारखे बांधावर बसले, आणि मग हळूहळू आडवे झाले.

शिवराम तसाच उभा. म्हणाला, "दत्तू, ऊठ ना रे... मी जोरात नाय मारला." दोनदा म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं, बांबू टाकला आणि पळत सुटला.

मी यांचं डोकं मांडीवर घेतलं. हाका मारत राहिले, ओरडत राहिले. माणसं येईपर्यंत सगळं संपलं होतं. माझं वय तेव्हा एकोणतीस.

कुणीतरी सायकलने पोलिसांना कळवायला गेलं. पंचनामा होईपर्यंत हलवायचं नाही म्हणाले, म्हणून मी उन्हात तशीच बसून होते. गावातली तरणी माणसं शिवरामला शोधायला रस्त्याच्या बाजूला गेली, तो मुरबाडची एस.टी. पकडणार असं सगळ्यांनाच वाटलं. आमचा शेजारी लहू पाड्यावर गेला. यांच्या अंगावर घालायला चादर आणायची होती आणि मुलींना शाळेतून आणून कुणाकडे तरी बसवायचं होतं.

लहू अर्ध्या तासात यायला हवा होता. तो दोन तासांनी आला. चादर माझ्या हातात दिली आणि खाली बसला. मी विचारलं, "काय झालं?" तो माझ्याकडे न बघताच बोलायला लागला.

तो पाड्यावर पोचला तर काकी पडवीतून ओरडत होत्या. काकींचा पाय महिनाभर प्लास्टरमध्ये होता, त्यांना पडवीची पायरी उतरता येत नव्हती. शेतात काय घडलं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? पाड्यावर कुणी नव्हतंच, सगळे शेतात. लहूला बघून त्या म्हणाल्या, "धाव रे लहू! शिवा टेकडीमागच्या उंबराकडं गेलाय, त्याच्याजवळ दोर हाय. जिवाचं काय करील तो!"

लहूला वाटलं, हिला सगळं कळलंय. त्याने वाटेवरच्या शेतातून भावाला हाक मारली, दोघे पळाले. टेकडीच्या मागे अर्ध्या तासाच्या वाटेवर एक जुना उंबर आहे. शिवराम तिथेच होता. थोडा जरी उशीर झाला असता तर... दोघांनी त्याला धरलं, दोर काढून घेतला. भावाला त्याच्याजवळ बसवून लहू परत आला, काकींना सांगायला, की सापडला, जिवंत आहे.

काकींनी हात जोडले आणि विचारलं, "आणि दत्तू कुठं गेला? त्यानंच येऊन सांगितलं मला. पडवीत टेकला पन नाय, तसाच गेला."

हे लहूने मला सांगितलं तेव्हा यांचं डोकं अजून माझ्या मांडीवर होतं. गार पडलेलं.

तुम्ही म्हणाल, घाबरलेल्या बाईला भास झाला. पण ती घाबरेल कशाला? तिला काहीच माहीत नव्हतं. आईला आपल्या पोराच्या लपायच्या जागा माहीत असतात, असं मीही मनाला समजावलं. पण शिवराम पोलिसांना म्हणाला की तो आयुष्यात त्या उंबराखाली बसला नव्हता, मुरबाडच्या बाजूला पळताना रस्त्यावर माणसं दिसली म्हणून तिकडे वळला.

खरं सांगू? तेव्हा मला हे खरं की खोटं, याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. मला राग आला होता. भयंकर राग. मी इथे ओरडतेय, हाका मारतेय, आणि हे गेले कुठे, तर ज्याने मारलं त्याला वाचवायला! मेल्यावरही त्यांचेच. मी कोण यांची?

जे पाहिलं ते मी कोर्टात सांगितलं. शिवरामला सात वर्षांची शिक्षा झाली. त्याची बायको आधीच सोडून गेली होती, काकी एकट्या पडल्या. मी त्यांच्या अंगणात पाय ठेवला नाही. समोरून आल्या की वाट बदलायची.

पाच वर्षांनी, २००१ मध्ये, मी पोलिओच्या डोससाठी घरोघर फिरत होते. दुपारची वेळ. काकींच्या घरात लहान मूल नव्हतं, म्हणून मी पुढे चालले होते. पडवीतून हाक आली. "सुमन, ये गो. एक डाव ऐक, मंग जा."

खाटेवर नुसती हाडं उरली होती. का कोण जाणे, मी आत गेले.

म्हणाल्या, "मी त्याला इचारलं, दत्तू, डोक्याला काय बांधलंस? तर म्हनला, काय नाय काकी, सुमननं तिचा पिवळा फडका बांधलाय."

माझ्या हातातली वही खाली पडली.

कापणीला आम्ही बायका उन्हासाठी डोक्याला फडका बांधतो. माझा पिवळा होता. शिवराम पळाला तसा तोच फडका सोडून मी यांच्या डोक्याला आवळून बांधला होता. दोन मिनिटांत तो भिजून निथळायला लागला, म्हणून काढून बांधाखालच्या चिखलात टाकला आणि पदर दाबून धरला. त्यानंतर माणसं आली. हे मी पोलिसांना सांगितलं नाही, लहूला नाही, मुलींनाही नाही. वर लिहितानाही माझा हात धजावला नाही. ती दोन मिनिटं फक्त माझी आणि यांची होती.

मी काकींच्या खाटेजवळ बसले. पाच वर्षं गिळलेलं तोंडातून निघालं, "मग माझ्याकडं का नाय आले हो?"

काकींनी माझा हात धरला. "तुझ्याजवळनंच उठून आलता गो तो."

त्यानंतर मी रोज दोन वेळा त्यांना भाकरी-कालवण नेऊन दिलं. पावसाळ्याच्या शेवटी त्या गेल्या. शिवराम येऊ शकला नाही. माझ्या मुलींनी त्यांच्या तोंडात पाणी घातलं.

शिवराम २००३ मध्ये सुटून आला. केस पांढरे झालेले, पाठीत वाकलेला. अंगणाच्या कडेला उभा राहिला, पुढे येईना. मी दारात.

तिथूनच म्हणाला, "वैनी, त्यानं मला का वाचवला? सात वर्षं तेच इचारतोय. तुमाला तरी म्हाईत हाय का?"

मला नव्हतं माहीत. आजही नाही. ते कसे गेले ते कळत नाही आणि का गेले तेही कळत नाही. मी त्याला तसंच सांगितलं. मग तो अंगणाच्या कडेला खाली बसला आणि मी उंबऱ्यावर बसले. कितीतरी वेळ आम्ही दोघंही रडत होतो, एकमेकांकडे न बघता.