जादाची नांगी

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात विंचू बरणीत मावतात, किस्से मावत नाहीत. चहाला चार माणसं जमली की एक नवा निघतोच. सगळ्याचं मूळ आमच्या सुप्रिया मॅडम! बाईंची पीएचडी विंचवांच्या जन्मजात व्यंगांवर. शेपटीला दोन नांग्या असलेला जिवंत विंचू मिळाला नाही तर विषयच बदला, असं गाईडनी बजावलेलं. म्हणजे एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात.

*

मॅडमनी गावोगाव सांगून ठेवलं, "व्यंग असलेला विंचू आणून द्या." टेबल भरलं की हो! कुणाचा पाय गायब, कुणाची शेपटी चेचलेली.

"अहो, हे चपलेनं झालंय!"

आणणारा म्हणाला, "मग आता व्यंगच की!"

*

गारगोटीहून फोन आला, "पाठीवर गाठी आलेला विंचू गावलाय." मॅडमना घेऊन बाईकवरून धावलो. डब्यात विंचवीण, पाठीवर तिची पिल्लं. अगदी ठणठणीत! मॅडम रडकुंडीला आल्या.

त्या घरची मालकीण म्हणाली, "बाळंतीण हाय व्हय? मग माहेरी न्या की तिला!"

*

मॅडमना बघायला कागलचे पावणे आले. मुलगा एमआयडीसीत इंजिनिअर. "मुलगी काय करते?"

मॅडमचे वडील छाती फुगवून म्हणाले, "व्यंग शोधत्या. कितीबी बारकं असू दे, तिच्या नजरेतनं सुटत न्हाय!"

मुलाच्या आईनं पोह्यांची बशी हळूच खाली ठेवली. पत्रिका जुळली नाही म्हणे.

*

कॉलेजच्या तपासणीला समिती येणार होती. प्राचार्य लॅबमध्ये आले, बरण्या बघून वैतागले. "मॅडम, वाकडे विंचू कपाटात घाला. पुढं जरा धडधाकट मांडा. कॉलेजची इमेज आहे!"

*

आणि एकदाचा कुरुंदवाडच्या एका शेतकरी मामांचा फोन आला. "मॅडम, दोन नांग्यांचा गावलाय. जित्ता हाय!" मॅडमना फोनवरच रडू फुटलं. गाईडना कळवलं, विभागात पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी मामा बरणी घेऊन हजर. विंचू जिवंत. नांगी एक!

"मामा, दुसरी?"

"काढली की! तुम्ही फोनवर रडला न्हवं? म्हटलं, पोरगी भ्याली. उसाचा जादाचा फुटवा काढतो तशी अल्लाद काढली बघा."

मॅडम बरणी उलटसुलट फिरवत दुसरी नांगी शोधत राहिल्या. मीच विचारलं, "निदान फोटो तरी काढलाय का?"

"काढलाय की!" मामांनी कौतुकानं मोबाईल पुढं केला. "नीट झाल्यावर काढला."