गप्प बसवणारे रेणू आणि बाबांचं गाऱ्हाणं

“फायब्रोसिस आहे,” बायोप्सीचा रिपोर्ट बघत डॉक्टर म्हणाले. बायोप्सी म्हणजे सुईने यकृताचा बारीकसा तुकडा काढून तपासणं. फायब्रोसिस म्हणजे यकृतात व्रण साठणं. “दारू घेता?”

मी लाजून गप्प बसले. लाजणं आणि कबूल करणं यांत बाहेरून काही फरक दिसत नाही. आई माझ्याकडे बघू लागली. पुण्यात एकटीने काढलेली माझी तीन वर्षं तिच्या डोळ्यांसमोरून सरकताना मला स्पष्ट दिसली.

सुदैवाने रिपोर्टमध्ये कारण होतं: ऑटोइम्यून हेपॅटायटिस. म्हणजे शरीराची संरक्षण-व्यवस्था आपल्याच यकृतावर उलटते. थकवा, खाज आणि पिवळे डोळे त्यामुळेच होते.

डॉक्टरांनी कागदावर चांदणी काढली. या स्टेलेट सेल्स, यकृतातल्या चांदणीच्या आकाराच्या पेशी. एरवी व्हिटॅमिन ए साठवून निवांत पडलेल्या असतात. सूज आली की कोलॅजेन, म्हणजे जखम बुजवणारा चिवट धागा, बनवत सुटतात. त्यांना आवरतात मायक्रो-आरएनए, अगदी इवले रेणू. ते स्वतः काही बनवत नाहीत, फक्त कोलॅजेन बनवायचा निरोप दाबून टाकतात. सूज टिकली की यांतले काही कमी पडतात. काही उलट त्या पेशींना चिथावतातही.

गप्प राहून इतकं महत्त्वाचं काम कुणी करतं, हे ऐकून मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

“म्हणजे राखणदारच की!” बाबा म्हणाले. “त्यांचं औषध द्या.”

“त्यावर संशोधन चालू आहे. तोवर स्टिरॉइड घेऊन सूज उतरवू. सूज उतरली, तर व्रणही कमी होऊ शकतात. नाही उतरली, तर वाढतील.”

गावी, पालीला परतताना मी बाबांकडून वचन घेतलं, कुणालाही सांगायचं नाही. ते त्यांनी पाळलं. त्यांनी फक्त राखणदाराला, म्हणजे बागेची राखण करणाऱ्या देवाला, सांगितलं. पण आमच्याकडे देवापुढचं गाऱ्हाणं मनातल्या मनात घालत नाहीत. नारळ ठेवून, वाडी गोळा करून, खड्या आवाजात घालतात.

“बा राखणदारा, माझ्या लेकीच्या लिव्हरात व्रण पडलेत! तिथले राखणदार, मायक्रो-आरएनए, दमलेत! त्यांना बळ दे!”

“होय महाराजा!” सगळी वाडी.

मागून कुणीतरी बाबांना हळूच विचारलं, “अण्णानूं, त्यांना नारळ चालतो, की कोंबडा लागतो?”

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेवंताकाकी तांब्या घेऊन आल्या. वाडीत कुणाला कावीळ झाली की काढा त्यांचाच. “पी गो बाय. दारूचं लिव्हरसुद्धा सुधारतं यानं.” नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. मी रोज प्यायले.

स्टिरॉइडच्या गोळ्यांनी आधी उतरलेलं एसजीपीटी पुढच्या तपासणीत एकदम चढलं. यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढतं ते हे. डॉक्टर गंभीर झाले. “गोळ्या लागू पडत नसतील, तर याहून जड औषधं द्यावी लागतील. आणखी काही घेता?”

आई छताकडे बघू लागली. मी पुन्हा गप्प. मग वाटलं, निरोप दाबायचं काम त्या रेणूंचं आहे, माझं नाही.

“काढा,” मी म्हणाले. “शेवंताकाकींचा.”

“आजपासून बंद!”

तुमच्यावर अशी वेळ आली, तर डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सगळं सांगा. काढा, चूर्ण, मावशीने दिलेली पुडी, सगळं.

काढा थांबला, तसे आकडे उतरले. काही महिन्यांनी फायब्रोस्कॅन झाला. यात टोचत नाहीत; बरगडीवर टिचक्या मारून यकृत किती ताठ आहे ते मोजतात. ताठरपणा कमी झाला होता.

बोललेलं फळलं की राखणदाराला सांगायला जावं लागतं. सगळे जमले. बाबांनी नारळ माझ्या हातात दिला. “तुझं लिव्हर, तूच बोल.”

“बा राखणदारा,” मी म्हणाले, “लिव्हर सुधारतंय. गोळ्या चालू आहेत.” मग डोळे मिटून घेतले. “काढा बंद केलाय.”



“होय महाराजा!” सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने शेवंताकाकी म्हणाल्या.