नोरीनच्या हातची तारीख

ढगाळ, पावसाळी बर्नलीतल्या त्या चढावरच्या गल्लीत विल्फ हरग्रीव्ह्‌जला बस डेपोतला जुना मेकॅनिक म्हणून कमी आणि सापवाला म्हणून जास्त ओळखत. तीस वर्षं त्यानं साप पाळले आणि तीस वर्षं एकच हेका धरला: साप बिळातला जीव, त्याला ऊब द्या, उंदीर द्या, दिव्याबिव्याची चैन नको. त्याच्या पिढीचे सगळे सापवाले हेच म्हणायचे. विल्फ जरा मोठ्यानं म्हणायचा, एवढंच.

त्याचा हेका मोडला बायकोनं. आजारपणानं नोरीनला खुर्चीत बसवलं आणि दिवसभर तिच्यासमोर रूबार्बची पेटी तेवढी उरली. रूबार्ब म्हणजे त्यांची नारिंगी कॉर्न स्नेक, चार फुटांची, गरीब स्वभावाची.

"विल्फ, हिला ऊन हवंय," एक दिवस नोरीन म्हणाली.

"आपल्याला तरी कुठंय ऊन? बर्नलीत राहतोय आपण."

"म्हणूनच म्हणते. घरात एकीला तरी मिळू दे."

मग तिनं सापांच्या दुकानातल्या ग्लेनिसला फोन करकरून भंडावून सोडलं. विल्फ फणकाऱ्यानं जाऊन सगळ्यात जोरदार, बारा टक्के यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची ट्यूब घेऊन आला, तर नोरीननं ती परत पाठवली. "ही वाळवंटातल्या सरड्यांना लागते. आपली बाई सावलीतली, तिला सहा टक्के पुरे." ट्यूब पेटीच्या आत, उबेच्या बाजूला लावायची, मध्ये काच नको, काच यूव्हीबी अडवते, दुसरी बाजू अंधारी ठेवायची, म्हणजे ऊन नको झालं की रूबार्बला तिकडे सरकता येईल. विल्फ स्टुलावर चढला आणि कुरकुरत सांगितलं तसं करत गेला.

लावण्याआधी नोरीननं ट्यूब मांडीवर घेऊन टोकाच्या धातूच्या टोपणावर बारीक काळ्या अक्षरांत तारीख लिहिली. ही सापवाल्यांची रीतच. ट्यूबचा उजेड वर्षानुवर्षं पडत राहतो, पण त्यातलं यूव्हीबी वर्षभरात सरतं आणि डोळ्यांना ते कळत नाही. तारखेखाली तिनं आणखी लिहिलं: "पुढच्या मार्चला बदल. विसरू नकोस, विल्फ."

चौथ्या दिवशी रूबार्ब पेटीतल्या झाडाच्या सालीखालून निघाली आणि ट्यूबखाली ऐसपैस पसरली. "विल्फ, आली बघ!" नोरीन ओरडली. मग रोजचंच झालं. जो आधी बघेल त्यानं ओरडायचं. ऑक्टोबरात नोरीन गेली.

पुढचा मार्च आला. विल्फ विसरला नव्हता. स्टुलावर चढला, टोपणावरची अक्षरं वाचली आणि तसाच खाली उतरला. "उजेड पडतोय की," तो स्वतःशीच म्हणाला. बसचे ब्रेक तारखेच्या आठ दिवस आधी बदलणारा माणूस!

त्या उन्हाळ्यात रूबार्बचं बाहेर येणं कमी झालं, हिवाळ्यात थांबलंच. खायची, कात टाकायची आणि पुन्हा सालीखाली. विल्फनं त्याचा अर्थ लावला: हिलाही नोरीनची आठवण येते. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. घरात आणखी कुणीतरी झुरत होतं. चहा घेऊन तो पेटीजवळ बसायचा आणि विचारायचा, "तुलाही करमत नाही ना?"

विल्फ बरेच दिवस दुकानात फिरकला नाही, म्हणून दुसऱ्या मार्चात ग्लेनिसच बर्फातले उंदीर घेऊन घरी आली. पेटीत डोकावली, काच सरकवली आणि यूव्हीबी मोजायचं यंत्र ट्यूबखाली धरलं.

"कधीची रे ही?"

"गेल्याच्या आदल्या मार्चातली."

"अरे राजा, शून्य दाखवतंय! ही बिचारी बाहेर येऊन करणार काय?"

"ती नोरीनची वाट बघतेय."

ग्लेनिसची जीभ एरवी कात्रीच, पण ती हळू बोलली. "साप वाट बघत नाहीत, विल्फ. वाट तू बघतोयस. तिला फक्त ऊन नाही."

विल्फला असा राग आला, जणू या बाईनं घरातलं झुरणारं दुसरं माणूसच उचलून नेलं. "तुला काय कळतंय?" तो म्हणाला. ग्लेनिसनं मान तिरकी करून टोपणावरची अक्षरं वाचली. मग पिशवीतली नवी ट्यूब टेबलावर ठेवली आणि चहा न घेताच गेली.

दोन दिवस ट्यूब तिथंच पडून होती. नोरीननं जाता जाता एकच काम सांगितलं होतं. तिचं अक्षर जपायच्या नादात त्यानं तेवढंच केलं नव्हतं. हे त्याला फार लागलं.

तिसऱ्या दिवशी तो स्टुलावर चढला. जुनी ट्यूब त्यानं नोरीनच्या कपाटात, तिच्या हिवाळी कोटाशेजारी उभी केली, अक्षरं बाहेर दिसतील अशी. नवी मांडीवर घेऊन तारीख लिहिली. खाली आणखी काही लिहायला त्याचा हात धजेना.

नवव्या दिवशी दुपारी तो कप विसळत होता. सहज मान वळवली, तर सालीखालून नारिंगी डोकं निघालेलं. बघता बघता रूबार्ब सगळीच्या सगळी बाहेर आली आणि उजेडात पसरली. विल्फ ओल्या हातांनी खुर्चीकडे वळला आणि ओरडला, "नोरीन, आली बघ!"

खुर्चीत नुसती उशी होती. दीड वर्षात तो तिथं एकदाही बसला नव्हता. त्यानं उशी बाजूला केली, तिच्या जागी बसला आणि ट्यूब बंद व्हायची वेळ होईपर्यंत रूबार्बकडे बघत राहिला.