डब्यातली बाई

पैसे आले की मोठ्याने सांगणारे डबे आता सगळ्याच दुकानांत असतात. आमच्या कंपनीचा डबा आमच्या बोलीत बोलायचा, एवढाच फरक. त्या एवढ्याशा फरकासाठी मी नागपूरची चांगली नोकरी सोडून तुमसरला परत आले होते.

"पन्नास रुपये आले जी." हा आवाज माझाच. घरामागे राईस मिल, तिची घरघर रेकॉर्डिंगमध्ये यायची. म्हणून लाईट जायची वाट पाहत बसायचे आणि मिल थांबली की गोधडी पांघरून एकेक आकडा बोलायचे. लाईट जावी म्हणून देवाला हात जोडणारी तालुक्यात मी एकटीच असेन.

पहिला डबा घेतला मोहाडीच्या बाजारात वांगी विकणाऱ्या काकूंनी. त्यांना वाचता येत नव्हतं. गिऱ्हाईक मोबाइल त्यांच्या नाकासमोर नाचवून निघून जायचं आणि पैसे आलेच नाहीत हे संध्याकाळी मुलाकडून कळायचं. डबा आल्यावर त्यांची हिंमत वाढली. तो "आले जी" म्हणाला की त्या त्याला उत्तर द्यायच्या, "हो जी, आयकलं." मगच पिशवी हातातून सोडायच्या.

इतकं सगळं उभं करूनही कर्जासाठी बँकेत गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मिस्टर नाही आले?" आमचे मिस्टर शाळेत गणित शिकवतात. डब्याचं बटण कुठे आहे तेही त्यांना माहीत नाही.

बँकेने शेवटपर्यंत झुलवलं. मग पुण्याच्या एका कंपनीला निम्म्याहून जास्त हिस्सा द्यावा लागला. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांच्या साहेबांनी डबा ऐकला आणि हसले. "मॅडम, हे जरा गावठी वाटतं. आणि हा 'जी' तर हिंदी आहे ना?"

माझं डोकंच सणकलं. आमच्याकडे सासऱ्यापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना जी लावतात, तुम्हालाही लावते आहे म्हणून वाचलात, असं तोंडावर आलं होतं. ते गिळलं आणि नीट समजावून सांगितलं. बाजारातल्या बायका त्या आवाजाला ओळखतात, उत्तर देतात, म्हटलं.

"डब्याला?" त्यांनी विचारलं, आणि पुन्हा हसले.

त्यानंतर आवाज बदलू नये म्हणून मी किती भांडले याचा हिशेबच नाही. प्रत्येक वेळी "बघू या" एवढंच उत्तर.

मग एका बाजाराच्या दिवशी मोहाडीत उतरले तर सगळीकडून एकच अनोळखी आवाज. "आपल्या खात्यात पन्नास रुपये यशस्वीरीत्या जमा झाले आहेत." हे वाक्य संपेपर्यंत गिऱ्हाईक दोन दुकानं पुढे गेलेलं असतं. कंपनी मी काढलेली, आवाज माझा काढून टाकलेला, आणि मला ते बाजारात उभं राहून कळत होतं. संताप तर आलाच, पण त्याहून जास्त लाज वाटली.

काकूंनी डब्यावर फडकं टाकून ठेवलं होतं.

"काकू, डबा काहून झाकला जी?"

त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. तो आवाज माझा होता, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मग अगदी हळू, काळजीने विचारलं, "डब्यातली ते बाई मेली का जी?"

"नाही जी," मी म्हणाले. "जित्ती आहे."

"मंग बोलून काहून नाही राहिली?"