रुमाल टाकलेली जागा

आई गेल्यानंतरच्या वर्षी बाबा पहिल्यांदाच ऑकलंडला आमच्याकडे राहायला आले. आता त्यांनी कायमचं इथेच राहावं, निदान दरवर्षी यावं, असा माझा हट्ट होता. पुण्यात ते एकटे जेवायला बसतात, या विचाराने मला इथे घास गोड लागत नव्हता.

पण आमच्या फ्लॅट बुश या उपनगराने मला काडीची मदत केली नाही. गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं, की संपला शेजार. बाबा रोज सकाळी फिरून यायचे आणि विचारायचे, "इथे माणसं कुठे ठेवतात?" मग जेवणाच्या टेबलाशी खिडकीलगतच्या खुर्चीत बसून रस्त्यावर पहारा द्यायचे. समोरच्यांनी कचऱ्याचा बिन उशिरा बाहेर काढला, ही दिवसातली मोठी बातमी.

शाळेच्या सुट्टीत मी आणि आठ वर्षांची लेक त्यांना पुण्याला पोचवायला निघालो. लेकीला जपान बघायचं होतं, म्हणून वाटेत ओसाकाला मुक्काम केला. निघण्याआधी मी विचारलं, "बाबा, परत याल ना?"

"बघू," ते म्हणाले. आमच्या घरात बघू म्हणजे नाही. मी विमानभर फुगून बसले.

ओसाकातलं ते भुयारी स्टेशन म्हणजे जमिनीखाली वसलेलं गावच. पावाचं दुकान, फुलांचं दुकान, आणि माणसंच माणसं. बाबांचा चेहरा खुलला. "सगळी इथे ठेवलीत होय," ते म्हणाले.

फलाटावर रांगेसाठी खुणा आखलेल्या होत्या आणि लोक त्यांवर गुपचूप उभे राहत होते. बाबांचे गुडघे दुखत होते. त्यांनी खिशातून आपला मोठा चौकड्यांचा रुमाल काढला, रांगेच्या पहिल्या खुणेवर नीट अंथरला आणि बाकावर जाऊन बसले.

"बाबा, उचला तो. लोक बघतायत."

"बघू देत. रुमाल टाकला की जागा आपली. जन्मभर एसटीने फिरलोय मी."

सुटातले एक आजोबा आले. त्यांनी रुमाल पाहिला, बाकावरच्या बाबांना पाहिलं, आणि रुमालाच्या मागे उभे राहिले. त्यांच्यामागे दुसरे, मग तिसरे. रुमालाच्या मागे रांग लागली. मला भुयारातल्या भुयारात गडप व्हावंसं वाटत होतं आणि लेक खुदूखुदू हसत होती.

"व्हाय आर दे लायनिंग अप बिहाइंड अ हँकी?" तिने विचारलं. बाबांनी तिला गाडी येईपर्यंत सगळं शास्त्र समजावलं: खिडकीतून रुमाल कसा टाकायचा, आणि आपण नसलो तरी जागा कशी आपली राहते.

गाडी आली, दारं उघडली. शेजारची रांग आत शिरली, पण आमची हलली नाही. सुटातल्या आजोबांनी वाकून रुमाल उचलला, झटकला, घडी घातली आणि दोन्ही हातांनी बाबांपुढे धरला. बाबांनी नमस्कार केला. आजोबा वाकले. मग बाबा वाकले. आजोबा आणखी वाकले. शेवटी दारं बंद व्हायची घंटा वाजली, तेव्हा लेकीने दोघांनाही हाताला धरून आत ओढलं.

"काय शिस्तीची माणसं," बसल्यावर बाबा म्हणाले. "आपल्याकडे रुमालासकट आपल्यालाही बाहेर फेकतात." आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला, की परत येण्याचं विचारायचंच राहून गेलं. पुण्यात निरोप घेताना विचारलं, तर पुन्हा तेच. बघू.

घरी परतलो तेव्हा नवऱ्याने दार उघडलं. जेवणाचं टेबल आम्ही सोडून गेलो होतो तसंच होतं. स्वारी इतके दिवस सोफ्यावरच जेवली होती. खिडकीलगतच्या खुर्चीवर चौकड्यांचा एक मोठा रुमाल अंथरलेला होता, चारी कोपरे नीट ओढून.

"बाबा विसरून गेले वाटतं," म्हणत नवरा तो उचलायला वाकला.

मी बॅग हातात धरून तशीच उभी राहिले. म्हणजे निघण्याआधीच!

लेक बूट न काढताच धावली. "डॅड, लीव्ह इट," ती म्हणाली. "इट्स टेकन."