आत्याच्या चपला रांगेत

अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये हॉस्पिटलची लॉबी बघून पेशंट वाचणार की नाही हे सांगणारी एकच बाई आहे आणि ती माझी आत्या आहे. जेसल पार्कात राहते. त्याआधी परळला होती, म्हणजे एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या भिंतीला लागूनच लहानाची मोठी झाली, जन्मही त्याच हॉस्पिटलातला. पण भाईंदरला लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये ब्लॉक घेतला आणि आपला जन्म कुठे झाला हे ती साफ विसरली. आता सरकारी हॉस्पिटल म्हटलं की ती नाकाला पदर लावते, टीव्हीवर दिसलं तरी.

तिच्या शेजारच्या गुजराती बेनचं ऑपरेशन झालं तेव्हा आत्या ठेवणीतली साडी नेसून, शहाळं घेऊन भेटायला गेली. परत आल्यावर मी विचारलं, कशा आहेत बेन? तर म्हणे, "तिच्यापर्यंत गेलेच नाही गं, पण खाली काय सोफे आहेत, आणि कॉफीचं मशीन." शहाळं तिथेच सोफ्यावर बसून स्वतः प्यायली. डॉक्टरांचंही तसंच. जो डॉक्टर टेस्ट लिहून देत नाही तो शिकाऊ. एकाने तपासून सांगितलं की तुम्हाला काही झालेलं नाही, घरी जा, तर आत्या इतकी दुखावली की पुढचे कित्येक दिवस सगळ्यांना सांगत होती, त्याला काही सापडलंच नाही. मेडिक्लेमकडे ती भिशीसारखं बघते. "यंदा पण वाया गेला, घरात कुणी धड आजारीच पडत नाही," असं काकांकडे, म्हणजे तिच्या नवऱ्याकडे, बघून म्हणते आणि काका बिचारे उगाच खोकून दाखवतात. आणि टीव्हीवर कुणी म्हणालं की उपचार सगळ्यांना मोफत पाहिजेत, की हिचं सुरू. सगळ्यांनाच फुकट दिलं तर आजाराला किंमत काय राहील? टॅक्स आपण भरायचा आणि सलाईन त्यांनी लावून घ्यायचं? त्यांनी म्हणजे कुणी, हे मी एकदा विचारलं होतं. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्यांच्यातली.

तर या आत्याला कुत्रा चावला. तोही अनोळखी नाही, ज्याला ती रोज ग्लुकोज बिस्किटं घालते तोच, चांगला पोटरीला. "प्रेमाने चावलाय तो," असं ती स्कूटीवर मागे बसून मला सांगत होती. जखम साबणाने धुतली होती तेवढं नशीब. आम्ही थेट तिच्या आवडत्या काचेच्या हॉस्पिटलात. सोफा, एसी, सगळं जागच्या जागी. रिसेप्शनवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "आंटी, जखम गहरी है, इसमें सीरम लगता है, वो आज हमारे पास नहीं है. सरकारी में मिल जाएगा, आज ही लगवा लो." आत्या म्हणाली, मग दुसरं काहीतरी द्या, महागातलं चालेल. मी खरं सांगतेय, हे ती म्हणाली. मग थांबू उद्यापर्यंत, असं म्हणून सोफ्यावर बसली. आता कुत्रा चावल्यावर उद्या वगैरे नसतं हो, तो जीवाशी खेळ असतो, म्हणून मी तिला अक्षरशः हाताला धरून सरकारी हॉस्पिटलात नेलं.

तिथे इंजेक्शनची रांग. आत्याने आधी चारी बाजूंना बघितलं, सोसायटीतलं कुणी नाही ना. मग चपला काढून रांगेत ठेवल्या आणि स्वतः लांब खांबाआड जाऊन बसली. वर मला म्हणाली, कुणी विचारलं तर तुला चावलाय, जरा लंगड. मी लंगडले पण. नाइलाज होता. इतक्यात बघते तर रांग पुढे सरकली आणि आत्याच्या चपलाही सरकल्या. त्यांच्या मागे जवळच्या राई गावची एक म्हातारी होती, हाताला फडकं गुंडाळलेलं. तिला त्याच दिवशी कुत्रा चावलेला. ती आपल्या पायाने आत्याच्या चपला हळूच पुढे ढकलत होती. आत्या खांबाआडून ओरडली, राहू दे, राहू दे. म्हातारी म्हणाली, "बस गो तू, पाय दुखत असंल. चपला काय जड न्हाय."

सिस्टरने माझ्याकडे बघून जखम दाखवा म्हटलं तेव्हा आत्याला शेवटी खांबाआडून यावंच लागलं. सीरम मिळालं, सुई मिळाली. बिल्डिंगमध्ये मात्र तिने सांगितलं, काचेच्या हॉस्पिटलात घेतलं, कॉफी बरी होती.

पण पुढच्या सुया दोघींना एकाच तारखांना. आत्या खांबाआडून बाकावर आली, बाकावरून रांगेत. म्हातारीची मावशी झाली. मावशी तिला खाडीच्या मासळीचं सांगायची आणि आत्या तिला मेडिक्लेम समजावायची, दोघींना एकमेकींचं काही कळत नव्हतं. एकदा मावशी म्हणाली, "आता दुखत न्हाय, तर कशाला यायाचं?" आत्या असली भडकली. कोर्स अर्धा सोडला तर जीव जातो, शेवटच्या सुईला मला इथे दिसली पाहिजेस, असं भर रांगेत दम देऊन सांगितलं.

शेवटच्या सुईला मावशी आली नव्हती. आत्याने चपला काढल्या, एक पुढे ठेवली, एक मागे. पुढची मावशीची, म्हणाली. दोन्ही चपला पायाने ढकलत खिडकीपर्यंत नेल्या. सिस्टरने पुढच्या चपलेकडे बघून विचारलं, "हे कोण?"

"येतंय ते माणूस," आत्या म्हणाली.

स्वतःची सुई घेतली, एक चप्पल पायात घातली. दुसरी उचलली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. मी म्हटलं, आत्या, चल ना, आता बंद करतील. तिचं लक्ष गेटकडे होतं. राईची, एवढंच माहीत होतं आम्हाला, नावसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

रांग सरकली. आत्याने अनवाणी पायाने चप्पल पुढे ढकलली.