चोराची वकील

आत्या गेल्याचं मला सारोळ्याच्या पुलावर, एसटीत कळलं. फोनवर अण्णा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "तुझी आत्या गेली गं…" दहाव्याला भोरला नदीकाठी माणसं जमली, पण वेल्ह्याकडच्या आमच्या गावातून मोजकीच आली. त्यातल्या एकानं हळहळत म्हटलं, "बाई हुशार, पन सारा जलम चोरांची वकिली करन्यात घालवला." दुःखाच्या प्रसंगी वाद नको म्हणून मी तिथं गप्प बसले. इथं बसणार नाही.

होय, माझी आत्या आरोपींची वकील होती. भोरच्या कोर्टात तिनं उभं आयुष्य तेच काम केलं आणि तिला त्याची कधी लाज वाटली नाही. लग्नकार्यात कुणीतरी हमखास विचारायचं, पोलिसांनी धरलं म्हणजे काहीतरी केलंच असणार ना? आत्या जिलेबी खाता खाता सांगायची, "पोलिसांनी संशय घेतलाय. खरा का खोटा, ते कोर्टात ठरायचंय. उद्या तुमच्या पोराला धरलं तर तुमीबी माझ्याकडंच येणार." मग विचारणारा वाढप्याला हाक मारायचा.

गाव तिच्यावर उलटलं ते देवीच्या मुखवट्यापायी. ग्रामदेवीचा चांदीचा मुखवटा देवळातून चोरीला गेला आणि दशरथला अटक झाली. देवळाची झाडलोट तोच करायचा, शिवाय दारू प्यायचा, त्यामुळे गावाला आणखी पुरावा लागलाच नाही. मुखवटा त्याच्या घराच्या माळ्यावर सापडला, असा पंचनामा झाला. त्यावर पंच म्हणून सही करणाऱ्यांत अण्णा होते. दशरथचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असं गावानं ठरवलं. त्याची बायको आत्याकडं आली आणि आत्यानं ते घेतलं. अण्णा भोरला जाऊन तिच्यावर ओरडले, "आपल्या देवीचा मुखवटा हाय तो! गावात तोंड दाखवायचं का न्हाई आमी?"

आत्या म्हणाली, "दादा, त्याच्या बाजूनं एक तरी माणूस उभं नगं का?"

उलटतपासणीला मी मागच्या बाकावर होते. तेव्हा मी वकिलीचं शिकत होते. आत्यानं सख्ख्या भावाला शांतपणे विचारलं, "मुखवटा माळ्यावर होता, हे तुम्ही स्वतः पाहिलंत?" अण्णांनी बाकांकडं पाहिलं. सगळं गाव माझ्या शेजारी बसलं होतं… "न्हाई," ते शेवटी म्हणाले. "आमी अंगणात हुतो. सायेब आत गेले आन् मुखवटा घिऊन भाईर आले. मग आमी सही केली."

दशरथ सुटला. त्यानंतरच्या जत्रेत आत्यानं देवीची ओटी पुढं केली, तर पुजाऱ्यानं हात मागं घेतला. तिनं ओटी पायरीवर ठेवली, हात जोडले आणि सगळ्यांदेखत महाप्रसादाच्या पंगतीत जाऊन बसली. तिच्या दोन्ही बाजूंना कुणी बसेना. वाढपी भात घेऊन आला तेव्हा अण्णा उठले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

मी एकदा तिला विचारलं, "आत्या, खरं सांग, दशरथनं चोरला होता का?"

"मला ठाऊक न्हाई," ती म्हणाली. "न्यायाधीशांनाबी न्हाई, गावालाबी न्हाई. ठाऊक नसताना माणूस तुरुंगात घालायचा का, एवढंच मी इचारलं."

ज्यांना ती चोरांची वकील वाटते, त्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं. मी वाट बघतेय.

तिची भोरची वकिलीची खोली आता माझ्याकडं आहे. पण तिच्या खुर्चीत बसायचा मला धीर होत नव्हता. अशिलांच्या बाकावर बसूनच मी काम करत होते. परवा सकाळी पानशेतकडची एक बाई आली. हॉटेलात मारामारी झाली आणि पोलीस तिच्या मुलाला घेऊन गेले होते. आत्या नाही हे ऐकून ती दारातच थबकली. "आता कुणाला सांगू म्या?"

अण्णा माझ्याबरोबर आले होते. त्यांनी उठून आत्याची खुर्ची ओढली, मला खांद्याला धरून तीत बसवलं आणि त्या बाईला म्हणाले, "हिला सांगा. पैल्यापासनं सांगा."